हवा मोजायला गेलेलं लेझीम पथक

पुणे ते वाशीम

वाशीमकडे चाललेय असं सांगितलं की पुण्यात लोक आधी "कोण आहे तिथं तुमचं?" असं विचारतात. लग्न, बारसं किंवा बदली यांपैकी काही नसताना शहाणा माणूस पुणं सोडून इतक्या लांब जाणारच नाही, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. मी "हवा मोजायला चाललेय" म्हटलं की पुढचा प्रश्न येत नसे. शेजारच्या काकूंनी मात्र "इथली पुरली नाही का?" असं विचारलं, आणि त्यांचं अगदीच चुकलं होतं असं आता मला वाटत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत बरीच खटपट करून आम्ही एक यंत्र जुळवलं होतं. आडात खडा टाकला की "डुबुक्" ऐकू यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खोल आहे ते कळतं. आमचा आड डोक्यावर होता. लेझरच्या लाल उजेडाचा एक झटका आभाळात फेकायचा. वाटेत तो धुळीवर आपटतो आणि त्यातला थोडा उजेड परत येतो. तो दुर्बिणीनं झेलायचा आणि कुठल्या उंचीवर किती धूळ आहे ते पडद्यावर उमटणाऱ्या रेषेवरून वाचायचं. ना फुगा सोडायचा, ना विमानात बसायचं. आपण आपले जमिनीवर, आणि अंधार मात्र हवा.

उन्हाळ्यात वऱ्हाडावर धूळ किती उंच चढते ते आमच्या साहेबांना पाहायचं होतं. त्यांनी नकाशावर अंगठा ठेवला, आणि अंगठा उचलल्यावर खाली जे गाव निघालं तिथं सत्त्याहत्तरच्या एप्रिलात आम्ही निघालो. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथल्या गुरुजींना आधीच पुरेसा त्रास झाला आहे. मानोऱ्याच्या अलीकडे, एवढं पुरे.

जीप दुसऱ्या विभागाकडून उसनी आणलेली होती आणि ठरल्या दिवशी परत द्यायची होती. मागं ट्रेलर. आम्ही तिघं : मी, यंत्राचे आरसे आणि काचा सांभाळणारे घारे, आणि ड्रायव्हर इस्माईलभाई. घाऱ्यांच्या पिशवीत सुट्या भागांपेक्षा पाठदुखीची मलमं जास्त होती. इस्माईलभाईंना रस्त्यातल्या खड्ड्यांची इतकी आवड, की मोठा खड्डा लागला की ते गवयाला द्यावी तशी "वा!" म्हणून दाद देत.

दुर्बिणीचा मोठा खोलगट आरसा गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर निजवला होता. मेहकरच्या अलीकडे एका नाक्यावर हवालदारानं आत डोकावून "पेशंट कुठं नेताय?" म्हणून विचारलं. घाऱ्यांनी गोधडी बाजूला केली. आरशात स्वतःला उलटा पाहून हवालदारानं टोपी सरळ केली, म्हणजे होती ती वाकडी केली, आणि आम्हाला सोडलं.

वाशीमजवळच्या मालेगावच्या पुढं इस्माईलभाईंनी एका खड्ड्याला नेहमीपेक्षा मोठ्यानं दाद दिली आणि ट्रेलरमध्ये काच फुटल्याचा आवाज आला. लेझरमध्ये लखकन पेटणारी एक काचेची नळी असते. तिच्याशिवाय सगळं यंत्र म्हणजे भंगार. आम्ही दोन आणल्या होत्या, आता एक राहिली. ती घाऱ्यांनी मफलरात गुंडाळून तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेतली आणि वाशीम येईपर्यंत ते शिंकले नाहीत.

वाशीमला स्टँडजवळ चहा घेतला. समोरच्या भिंतीवर निवडणुकीतली चिन्हं, गाय-वासरं आणि नांगर, अजून ताजी दिसत होती. मी पुण्याच्या सवयीनं अर्धा कप सांगितला, तर मालक म्हणाला, "अर्धा कायले जी? अर्ध्यानं तहान वाढते." आणि त्यानं कपाबरोबर बशीही भरून दिली. मी न मागितलेली भजी आली. माणूस मागेल तेवढंच द्यायचं, ही शिस्त इथं कुणी पाळताना दिसलं नाही.

गाव

मंगरुळपीर मागं टाकून आम्ही गावाच्या शिवेवर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वाटेवर निळ्या पताका लावलेल्या होत्या. कापडी कमान उभी होती आणि तिच्यावर चुन्यानं लिहिलं होतं, "पुण्याच्या सुप्रसिद्ध लेझीम पथकाचे हार्दिक स्वागत." आमच्या मागून कुणीतरी येत असणार, असं मला वाटलं. त्यांना वाट मिळावी म्हणून मी जीप बाजूला घ्यायला सांगितली. आम्ही धुळीत उभं राहून मागचा रस्ता बघत राहिलो. गावकरी आमच्याकडे बघत राहिले.

शेवटी पांढरा पायजमा-सदरा घातलेले एक चाळिशीचे गृहस्थ हार घेऊन पुढं आले. हे वानखडे गुरुजी, गावच्या शाळेचे हेडमास्तर. आमच्या कार्यालयानं फोन करून ज्यांना आमच्या येण्याची वर्दी दिली होती, ते हेच.

"बाई, तुमी तिघंच?" त्यांनी विचारलं.

"तिघं पुरतात."

"बाकीचे एसटीनं येऊन राह्यले का?"

"बाकीचं सगळं ट्रेलरमध्ये आहे."

गुरुजींनी ट्रेलरकडे काळजीनं पाहिलं. "किती वेळ चालते जी तुमचं?"

"दीड-दोन तास. पण अर्ध्या मिनिटाला एकदाच. जास्त केलं तर तापतं."

"अर्ध्या मिनटाले एकदाच," ते मागच्या मंडळींना समजावत म्हणाले, "संथ चाल हाय."

"आणि लोकांना लांब उभं करा. समोर कुणी यायचं नाही, बघायचं तर मुळीच नाही."

"लोकं बघाले तर येऊन राह्यले, बाई! पार कामरगावचे येऊन राह्यले."

"बघितलं तर डोळे जातील हो!"

गुरुजींच्या हातातला हार खाली आला. "पुन्यात असंच असते?"

"पुण्यात आम्ही गच्चीवर करतो. तिथं कुणी बघायला येत नाही."

एवढ्यात घाऱ्यांनी मफलर सोडून नळी उजेडात धरली आणि वाकून तिची तब्येत तपासू लागले. गुरुजींनीही वाकून पाहिलं. "याले चकत्या कुठं हायेत?"

"याला चकत्या कशाला?" घारे म्हणाले.

मग मी कमानीवरची अक्षरं पुन्हा एकदा, या वेळी सावकाश वाचली.

प्रकार असा झाला होता. गुरुजींना मानोऱ्याच्या पोस्टात फोनवर बोलावलं होतं. एका टोकाला पुणं, दुसऱ्या टोकाला मानोरा, आणि मधे अर्धा महाराष्ट्र खरखरत होता. "पुण्याहून लेझर पथक येतंय, बाई प्रमुख आहेत, मोकळं मैदान द्या, दिवे नकोत," एवढा निरोप. त्यातलं "लेझ" पोचलं, पुढचा "र" वाटेत कुठं तरी पडला, आणि पथक, बाई, मैदान ऐकल्यावर शहाण्या माणसानं जे समजायचं तेच गुरुजी समजले.

"दिवे नको म्हनले तवा इचार आला मले," ते म्हणाले. "अंधारात कसं लेझीम? मंग म्हनलं, पुन्याची नवी पद्धत असंल."

मला हसू येत होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ते गिळलं. दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिलची जयंती होती. पलीकडच्या गावाचं लेझीम सगळ्या मुलखात नावाजलेलं, आणि मागच्या जयंतीला तिथल्या दगडूजी नावाच्या पुढाऱ्यानं भर सभेत म्हटलं होतं, की या गावची मिरवणूक म्हणजे बिनवाजाची वरात. ते सगळ्यांना लागलं होतं. तेव्हा पुण्याचा फोन आल्यावर गुरुजींनी शाळेत, बाजारात, तांड्यावर, जिथं तोंड उघडता येईल तिथं सांगून टाकलं, की यंदा पुण्याचं पथक येणार. मुलांनी उधार-उसनवार करून लेझिमा जमवल्या होत्या, पथकामागं नाचायला.

"उद्या उभा राहून सांगतो, मले चुकीचं आयकू आलं," गुरुजी म्हणाले. "दुसरं काय करनार? पन परवा वर्गात खरं बोला म्हनून कोन्या तोंडानं सांगू? पोट्टे म्हनतील, गुरुजी, आधी तुमी बोला."

मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. चूक माझी नव्हती. नळी एक, हातात दोन संध्याकाळी, साहेबांना रिकाम्या हातानं तोंड दाखवलं तर यंत्र दुसऱ्या विभागाला जाणार. मी ठणकावून सांगितलं, की आम्ही सरकारी कामावर आलो आहोत आणि आमचा नाचाशी संबंध नाही. हे ऐकून ट्रेलरमधल्या आमच्या जनरेटरनं तीन खोकले दिले आणि तो बंद पडला. डिझेलमध्ये पाणी निघालं. पहिली संध्याकाळ अशी गेली.

जेवायला गुरुजींकडे रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला कणकेचा हा गोळा दिसायला दगडासारखा असतो. फोडून त्यावर तूप ओतलं आणि झणझणीत वांग्याची भाजी घेतली की माणूस आपलं पद विसरतो. पुण्यात पाहुण्याला "अजून हवंय का?" असं विचारतात आणि त्याचं उत्तर ऐकून घेतात. गुरुजींच्या पत्नी उत्तरासाठी थांबतच नव्हत्या. "खा जी बाई," त्या म्हणाल्या, "लेझीम असो का काई असो, पोट तर तेच हाय ना." मी चार रोडगे खाल्ले, आणि ज्या घरची फजिती आपण करणार आहोत तिथं इतकं खाऊ नये असं मला चौथ्यानंतर वाटलं.

जयंती

सकाळी डिझेल बदलून आम्ही शाळेच्या आवारात, एका कोपऱ्यातल्या भिंतीआड यंत्र मांडलं. तांड्यावरच्या बाया पाणी घेऊन जाताना थांबल्या. त्यांच्या ओढण्यांवर आणि चोळ्यांवर आरसेच आरसे, त्यामुळे आरशातलं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. एका म्हाताऱ्या बाईनं आमचा मोठा आरसा नीट निरखला आणि विचारलं, "हा कोन्या घागऱ्याले लावता?" घाऱ्यांनी गंभीरपणे सांगितलं, की हा आभाळासाठी आहे. ती म्हणाली, "मंग लहान हाय."

दुपारी उन्हाची तलखी सुरू झाल्यावर मी व्हरांड्याच्या सावलीत टेकले होते. पलीकडच्या वर्गातून आवाज आला. गुरुजी एकटेच रिकाम्या बाकांसमोर उभे राहून संध्याकाळच्या भाषणाची तयारी करत होते. "बंधू-भगिनींनो, चूक माझी हाय." मग थांबले. "चूक माझी आहे. मले... मला चुकीचे ऐकू आले." पुन्हा पहिल्यापासून. "चूक माझी आहे." स्वतःची फजिती चारचौघांत सांगतानाही व्याकरण चुकू नये म्हणून धडपडणारा माणूस मी यापूर्वी पाहिला नव्हता. मला ते ऐकवेना. पुण्यातल्या शाळेत शिकलेल्या बाईला तीन गोष्टी येतातच : शुद्धलेखन, टोमणा आणि लेझीम. त्यातल्या दोनांचा मी आयुष्यभर सढळ हातानं वापर केला होता.

मी घाऱ्यांकडे गेले. काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बाई, मी शाळेत लेझीम कप्तान होतो. पण तेव्हा पाठ होती."

अडचण वेगळीच होती. यंत्राला अंधार लागणार. सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात भाषणांसाठी गॅसबत्त्या पेटणार, आणि त्या पेटल्या की दुर्बीण आंधळी. म्हणजे त्या मधल्या कातरवेळेतच नाचायचं आणि त्याच वेळी हवाही मोजायची. आम्ही तिघं मैदानात. मग बटण कुणी दाबायचं? गुरुजींना बोलावून मी त्यांना हिरवा दिवा दाखवला. "हा लागला की हे दाबायचं. तेवढंच. घाऱ्यांनी पडद्यासमोर कॅमेरा उघडा ठेवलाय, रेषा त्यात आपोआप उमटतील."

"आन तुमी?"

"आम्ही पुण्याचं लेझीम पथक."

गुरुजींनी खिशातून रुमाल काढला आणि आधी बटण पुसलं, मग डोळे.

दिवस मावळला तेव्हा मैदान माणसांनी भरलं होतं. पुढं बैलगाडीवर फुलांनी सजवलेली तसबीर, मागं निळी निशाणं, दगडूजी आपल्या मंडळींसह अगदी पहिल्या रांगेत. सुप्रसिद्ध पथक मैदानात उतरलं. मी पातळाचा काष्टा मारला होता, घाऱ्यांनी पाठीला मलम चोपडून त्यावर पट्टा बांधला होता, आणि इस्माईलभाईंना लेझीम कुठल्या बाजूनं धरतात तेही माहीत नव्हतं. हलगी वाजली. भिंतीआडून गुरुजींचा खणखणीत आवाज आला, "एक, दोन, तीन, चार!"

हिरवा दिवा लागला की बटण दाबा, असं मी सांगितलं होतं. पण ते हाडाचे शिक्षक. मुलांची कवायत चालू असताना मधेच काही करणं त्यांना शक्यच नव्हतं. दिवा लागला की ते "चार"ची वाट बघत आणि बरोबर ठोक्यावर बटण दाबत. एरवी तो झटका डोळ्याला दिसेल न दिसेल इतका. पण आमच्या आणि मागच्या पन्नासेक पोरांच्या पायांनी उडवलेली धूळ आता शाळेच्या कौलांवर चढली होती. त्या धुळीतून ठोक्याला लाल रेघ सप्पकन आभाळात गेली. सगळ्या माना वर झाल्या. पुढची रेघ गेली तेव्हा शिट्ट्यांनी कान बसले.

त्यानंतर आमचं काय चुकत होतं ते कुणी पाहिलंच नाही. इस्माईलभाई सगळ्यांच्या उलट दिशेनं फिरत होते आणि दर रेघेला "वा!" म्हणत होते. घारे मात्र खरोखर सुंदर नाचले. मग एका ठोक्याला ते उकिडवे बसले आणि उठलेच नाहीत. पाठ धरली होती. ही पुण्याची खास चाल आहे असं समजून मागची सगळी पोरंही बसली. आता बसायचं नाही तर काय करायचं? मीही बसले. बसल्या बसल्या आम्ही बराच वेळ लेझीम खेळलो, आणि लोकांना तेच सगळ्यात आवडलं.

गॅसबत्त्या पेटल्या. टाळ्या थांबेनात. धुळीनं पांढरे झालेले गुरुजी मंचावर गेले. मला वाटलं, आभार मानतील. त्यांनी माईकवरून अगदी शुद्ध भाषेत सांगितलं, "बंधू-भगिनींनो, चूक माझी आहे. हे लेझीम पथक नाही. हे लोक यंत्राने हवा मोजायला आले आहेत. मला फोनवर चुकीचे ऐकू आले."

सगळं मैदान हसलं. दगडूजी उठून उभे राहिले. "गुरुजी, पथक आमाले द्या लागू नये म्हनून बहाने करून राह्यले का? हवा कोनी मोजते का कधी? आमच्याकडे उद्याच्या उद्या पाठवा, मागच्या वर्षीचं बोलनं मी वापस घेतो!"

गुरुजींनी पुन्हा सांगितलं. लोक पुन्हा हसले, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. ते खाली आले तेव्हा मी त्यांना पाणी दिलं.

"बाई, मी खरं सांगतलं जी," ते हताश होऊन म्हणाले. "कोनी आयकूनच नाही राह्यलं."

रेषांच्या त्या फोटोचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. वर आभाळात धुळीचा थर कुठं संपतो ते छान उमटलं होतं आणि यंत्र आमच्याकडेच राहिलं. खाली मात्र जमिनीलगत इतकी जाड पट्टी होती, की साहेब भिंग घेऊन बसले. "ही काय भानगड?" मी म्हटलं, "स्थानिक धूळ." साहेबांनी अहवालातून ती पट्टी वगळली. मला ते जरा लागलं.

सकाळची शाळा

निघायच्या दिवशी मी सामान बांधत असताना गुरुजी आले. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची होती. "बाई, मोठ्या लोकांचं जाऊ द्या," ते म्हणाले, "पन माह्या वर्गात तुमी सोता सांगा. पोरांले खोटं ठाऊक राहू नये."

घारे जीपमध्ये आडवे झाले होते, त्यामुळे मी एकटीच गेले. गुरुजींनी फळ्यावर मोठ्या अक्षरात "लेझर" लिहिलं आणि "र"खाली दोन रेघा मारल्या. मी आडातल्या खड्याचं सांगितलं, आरसा सांगितला, धूळ सांगितली. इतकं सोपं करून मी आमच्या साहेबांनाही कधी सांगितलेलं नाही. पोरांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. समजलं का विचारल्यावर सगळे एका सुरात "होऽऽऽ" म्हणाले. पण पुण्याची लेझीमवाली बाई काहीतरी गंमत करतेय, आणि मोठं माणूस गंमत करत असताना मधे बोलू नये, असं त्या चेहऱ्यांवर स्पष्ट लिहिलं होतं. गुरुजींनाही ते दिसत होतं. ते खडू हातात तसाच धरून उभे होते.

मग दुसऱ्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी उठली. "बाई, तुमी हवा मोजाले आल्या."

"हो."

"लेझीम तुमचं कामच नाही."

"नाही."

"मंग तुमी नाचल्या कायले?"

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"तुमच्या गुरुजींनी शब्द दिला होता," मी म्हटलं, "म्हणून."

त्या मुलीनं मान हलवली आणि ती खाली बसली. पुढं कुणीच काही विचारलं नाही. लेझरबद्दल सांगितलेलं एकालाही पटलं नव्हतं. गुरुजींच्या शब्दाबद्दल मात्र त्या वर्गात कुणाला शंका नव्हती.